हैदराबादचा इराणी चहा

1806 मध्ये सिकंदराबाद वसले आणि तेलुगू, उर्दू, तमिळ, मराठी बोलणारे तेथे शेजारी झाले. पुढे यझ्द-केरमानकडून मुंबई-पुण्यामार्गे आलेल्या इराण्यांनी हैदराबादेत आणि सिकंदराबादेत चहाची दुकाने थाटली. लोक त्यांना ‘हॉटेल’ म्हणू लागले. मुक्कामाची सोय मात्र तेथे नसे! चहा बंद भांड्यात मंद आचेवर मुरवावयाचा, दूध निराळे आटवावयाचे आणि दोहोंची गाठ पेल्यातच घालावयाची, ही तेथील रीत. सोबतीला सातव्या निजामाच्या, उस्मान अली खानांच्या, नावाचे गोड-खारे उस्मानिया बिस्कीट. घराघरांतून जातीनिहाय पंगती निराळ्या बसत, त्या काळी या मेजावर शेजाऱ्याची जात कोणी विचारीत नसे. जागा रिकामी असली म्हणजे झाले. आज यांपैकी कित्येक दुकाने मिटली आहेत. चारमिनारजवळच्या ‘निमरा’त मात्र पेले अजून भरले जातात.