पाटकर, मधुरिका सुहास

भारतीय टेबल टेनिसपटू, मूळच्या ठाण्याच्या. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघातील खेळाडू आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. राष्ट्रीय स्पर्धेतील एकेरीचे विजेतेपदही त्यांच्या नावावर आहे.

ठाण्याचे नाव खेळात निघते ते बहुधा बॅडमिंटनमुळे. श्रीकांत वाड यांनी तिथे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. टेबल टेनिसची परंपरा त्यामानाने झाकलेली राहिली. मधुरिका त्याच परंपरेतल्या, शैलजा गोहाड यांच्या शिष्या.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा दिवस ८ एप्रिल २०१८. राष्ट्रकुल स्पर्धेत २००२ साली टेबल टेनिस आले, तेव्हापासून महिला सांघिक सुवर्ण सिंगापूरबाहेर गेलेच नव्हते. २०१० मध्ये दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, भारत अंतिम फेरीत त्यांच्याकडूनच हरला होता. गोल्ड कोस्टला गाठ पुन्हा सिंगापूरशीच पडली. पहिल्या लढतीत मनिका बत्राने फेंग तियानवेई या ऑलिंपिक पदकविजेतीला पाच गेममध्ये हरवले. दुसरी लढत मधुरिका यांची होती. त्यात त्या यू मेंग्यूकडून हरल्या आणि बरोबरी झाली.

लगेच दुहेरी. जोडीला मौमा दास. समोर झोउ यिहान आणि, नुकतीच जिंकलेली, तीच यू मेंग्यू. टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा असतो. लॉन टेनिससारखी ‘हा तू घे’ म्हणण्याची सोय नाही. फटका मारला की जोडीदाराला वाट करून देत बाजूला व्हायचे. थोड्याच वेळापूर्वीच्या पराभवाची सल घेऊन पाय असे हलते ठेवणे सोपे नसते. मौमा-मधुरिका जोडीने ही लढत ३-१ अशी जिंकली. पुढे मनिकाने झोउला हरवले आणि सुवर्ण भारताकडे आले. मथळे मनिकाचे झाले, आणि त्यात गैर काही नाही. फेंगला हरवणे ही लहान गोष्ट नव्हती. पण १-१ वरून सामना भारताकडे झुकला तो या दुहेरीने.

त्या पाच जणींच्या संघात सुतीर्था मुखर्जी आणि पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धेही होत्या. म्हणजे पाचांत दोघी मराठी.