लपलेला वैरी, लपवणारा देव



समोरून काठी उगारून येणाऱ्याची भीती वाटते खरी, पण त्याच्यापासून बाजूला तरी होता येते. जो शेजारी बसून गोड बोलतो आणि पाठीमागे खड्डा खणतो, त्याच्यापुढे माणूस हतबल होतो. हा अनुभव तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. अशा वेळी देवाजवळ काय मागावे, याचा विचार यहुदी भक्तांनी फार पूर्वी केला आहे. आज त्यांच्या स्तोत्रांकडे थोडे पाहू.

या स्तोत्रांच्या ग्रंथाला हिब्रू भाषेत 'तहिल्लीम', म्हणजे स्तवने, म्हणतात. मराठीत आपण त्याला स्तोत्रसंहिता म्हणतो. त्यात पाच भागांत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील ७३ स्तोत्रांच्या माथ्यावर दावीद राजाचे नाव आहे. दावीदाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १००० हा मानतात. मात्र सगळा ग्रंथ एकाच्या हातचा नाही, अनेक शतकांत अनेक भक्तांनी त्यात भर घातली. यांतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे आरोहणाची गीते म्हणून ओळखली जातात. यरुशलेमच्या मंदिराकडे डोंगर चढून जाणारे यात्रेकरू ती गात असत, असे मानले जाते. त्यांतल्या पहिल्याच गीतात गाऱ्हाणे आहे ते खोटे बोलणाऱ्या जिभेचे. वारकऱ्याला याचे नवल वाटू नये. घर सोडून चालू लागले तरी लोकांचे बोल आपल्याबरोबर चालतातच.

६४ वे स्तोत्र तर सगळेच गुप्त शत्रूंविषयी आहे. ते लोक जिभेला तलवारीसारखी धार लावतात, शब्दांचे बाण आडून सोडतात आणि आपल्याला कोण पाहणार, अशा समजुतीत राहतात. गाणारा भक्त देवाजवळ शस्त्र मागत नाही. मला लपव, एवढेच तो म्हणतो. इथे मूळ भाषेतली एक खूण ध्यानात घ्या. 'स-त-र' हा हिब्रू धातू लपणे, लपवणे या अर्थाचा. वैरी ज्या आडोशातून बाण मारतात तो शब्द याच धातूचा आणि भक्त जे लपवणे मागतो तेही याच धातूचे. ९१ व्या स्तोत्रात परमेश्वराच्या आश्रयस्थानाला जो शब्द आहे, तोही तोच. वैऱ्याजवळ आडोसा आहे, तसा भक्ताजवळही आहे. भक्ताचा आडोसा म्हणजे देव.

आता दावीदाची कथा ऐका. त्याचा मुलगा अबशालोम याने बंड केले. दावीदाचा सर्वांत शहाणा सल्लागार अहिथोफेल बंडखोरांना जाऊन मिळाला. म्हातारा राजा अनवाणी, डोके झाकून, रडत जैतुनांचा डोंगर चढत असताना ही बातमी त्याला कळली. त्याने तिथेच प्रार्थना केली, की अहिथोफेलाची मसलत फोल ठरो. पुढे त्याचा मित्र हूशय भेटला. त्याला दावीदाने शहरात परत पाठवले आणि त्याच्याच बोलण्याने अहिथोफेलाचा सल्ला मागे पडला. ५५ व्या स्तोत्रात, ज्याच्यासोबत देवाच्या घरी समुदायाने चालत गेलो त्यानेच दगा दिला, असे दुःख आहे. यहुदी परंपरा ते दुःख या अहिथोफेलाशी जोडते. दिंडीत बरोबर चालणाऱ्यानेच घात केला, तर काय वाटेल? तेच हे दुःख.

पण कथा इथे थांबवली तर अर्धीच कळेल. या बंडाच्या आधी काही वर्षे दावीदाने स्वतः काय केले होते? उरीया नावाच्या आपल्या निष्ठावान सैनिकाच्या बायकोचा, बथशेबेचा, त्याने अभिलाष धरला. ते झाकण्यासाठी सेनापतीला पत्र लिहिले, की उरीयाला लढाईच्या तोंडावर ठेवून मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. बिचारा आपला मृत्यू आपल्या हाताने घेऊन गेला. उरीयाचा गुप्त शत्रू कोण होता, माउली? ज्याच्यासाठी तो लढत होता, तोच. पुढे नाथान संदेष्ट्याने राजाला तोंडावर सुनावले, की हे तू लपवून केलेस. त्या वाक्यातही तोच 'स-त-र' आहे.

म्हणून १९ व्या स्तोत्रात, दावीदाच्याच नावावर, एक वेगळे मागणे येते: माझ्या लपलेल्या दोषांतून मला शुद्ध कर. शब्द पुन्हा त्याच धातूचा. १३९ व्या स्तोत्रात भक्त आधी दुष्टांवर संतापतो आणि शेवटी देवाला म्हणतो, की आता माझेच अंतःकरण तपासून पाहा. काही स्तोत्रांत, विशेषतः १०९ व्यात, शत्रूच्या नाशाची मागणी इतकी तीव्र आहे की वाचताना मन कचरते. तरीही तो राग देवापुढे ओतला आहे. भक्ताने स्वतःचा हात उगारलेला नाही.

हा ग्रंथ आपल्याला परका वाटायचे कारण नाही. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची विश्रांती, म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपले कीर्तन स्वीकारले आणि आपल्या धर्मग्रंथांतल्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या.

संतांनी सांगितलेले षड्रिपू तरी कुठे बाहेर राहतात? तेव्हा कोणी पाठीमागे बोलले असे कानावर आले, की प्रथम पांडुरंगाच्या आडोशाला जावे. राग आला असेल तर तोही तिथेच सांगावा. आणि उठण्यापूर्वी एक गोष्ट विचारावी: देवा, मी कोणाच्या हाती असे पत्र तर दिले नाही ना?

विठ्ठल विठ्ठल!