इथेनॉलच्या तीन शिखरांपासून उघड्या कोडपर्यंत

वाकोल्याहून सांताक्रूझ स्टेशन, लोकलने चर्चगेट, मग बस, की कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआर. आजची गोष्ट तिथल्या एस. एस. धर्मट्टींची.

१९५१ साली ते अमेरिकेत, स्टॅनफर्डला होते. अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत त्यांनी इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, चुंबकात ठेवलं. सगळे हायड्रोजनच, मग सिग्नल एकच यावा ना? आली तीन शिखरं, १:२:३ प्रमाणात. हायड्रोजन रेणूत कुठे बसलाय, त्यावर त्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकते. पुढे धर्मट्टींनी टीआयएफआरमध्ये एनएमआरचं संशोधन उभं केलं.

आज एमआरआय मशीन याच सरकण्यावरून मेंदूत कोलीन, लॅक्टेट कुठे किती, याचा नकाशा काढतं. गाठ नुसती दिसत नाही, आत काय चाललंय तेही कळू लागतं. पण ही रसायनं पाण्याच्या मानाने हजारो पटींनी कमी. सिग्नल क्षीण, त्यामुळे स्कॅन लांबतो आणि पेशंट हलतो.

यावर उपाय पल्स सिक्वेन्समध्ये आहे: रेडिओ पल्स कधी, ग्रेडियंट किती. पण ते कोड प्रत्येक कंपनीचं वेगळं, बरंचसं कुलूपबंद. २०१७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या गटाने ‘पल्सेक’ मांडलं. सिक्वेन्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये! तीच फाइल वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवता येते, म्हणजे दोन हॉस्पिटलांचे आकडे शेजारी ठेवणं सोपं. मला तर वेगापेक्षा हेच मोठं वाटतं.

त्याचं पायथनमधलं भावंड ‘पायपल्सेक’ फुकट मिळतं. स्कॅनर नसला तरी लॅपटॉपवर सिक्वेन्सचा आलेख काढता येतो. मी रविवारी तेच करत बसलो होतो.