कुर्तुब्याला उपचारासाठी आलेला राजा

स्पेनच्या इतिहासात सांचो नावाचे बरेच राजे होऊन गेले. कोणाला लोकांनी 'थोर' म्हटले, कोणाला 'शहाणा', कोणाला 'बलवान'. दहाव्या शतकातल्या लिओनच्या पहिल्या सांचोच्या वाट्याला मात्र वेगळेच विशेषण आले. तो 'लठ्ठ सांचो' म्हणून ओळखला जातो. हजार वर्षांहून अधिक काळ उलटून गेला, तरी शाळेतल्या पुस्तकापासून विश्वकोशापर्यंत त्याचे नाव असेच छापले जाते.

गंमत अशी की, या राजाने वजन कमी केले होते. आणि ते केले एका मुस्लिम खलिफाच्या राजधानीत, एका ज्यू हकिमाच्या देखरेखीखाली. समाजमाध्यमांवर ही गोष्ट अधूनमधून फिरत असते, पण चटपटीत मसाला लावून. तो मसाला बाजूला काढून ही गोष्ट पाहिली पाहिजे असे मला वाटते. वजन, लाज आणि इलाज या तिन्हींबद्दल ती आजही काहीतरी सांगते.

गादी गेली, फुफी धावून आली

सांचो 956 साली लिओनच्या गादीवर बसला. उत्तर स्पेनमधले हे ख्रिस्ती राज्य. त्याचे वडील दुसरे रामिरो यांनी 939 साली सिमांकासच्या लढाईत खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याचा पराभव केला होता. अशा लढवय्या बापाच्या मुलाकडून सरदारांच्या काय अपेक्षा असतील याची कल्पना करता येते. सांचो अतिशय स्थूल होता. त्याला घोड्यावरही बसता येत नसे, असे सांगितले जाते. त्या काळी राजाचे काम म्हणजे सैन्याच्या पुढे घोड्यावर असणे.

958 साली सरदारांनी बंड केले. कास्तीलचा प्रबळ सरदार फर्नान गोन्सालेस त्यात पुढे होता. सांचोला हाकलून त्याचा चुलतभाऊ चौथा ओर्दोनो याला गादीवर बसवण्यात आले. सांचो पळाला तो थेट आजोळी, पाम्प्लोनाला. तिथे त्याची आजी राणी तोदा होती.

ही तोदा मोठी खमकी बाई. नातवाचे शरीर आणि नातवाची गादी, दोन्ही परत मिळवायचे तर मदत कुठे मिळेल, हे तिने ओळखले. तिने आपला दूत पाठवला कुर्तुब्याला, म्हणजे आजच्या कॉर्डोबाला. खलिफा अब्दुर्रहमान तिचा शत्रू होता, पण नात्याने भाचाही होता. तोदाची आई ओनेका आधी कुर्तुब्याचे अमीर अब्दुल्लाह यांची पत्नी होती. त्यांचा मुलगा मुहम्मद हा अब्दुर्रहमानचा बाप. म्हणजे एकाच आईची लेकरे, एक मुस्लिम राजघराण्यात तर दुसरे ख्रिस्ती. तोदा ही खलिफाची आत्या, आपल्या घरांत म्हणतात तशी फुफी. मध्ययुग म्हणजे केवळ दोन धर्मांची लढाई, असे समजणाऱ्यांनी हे नाते जरूर ध्यानात ठेवावे.

हकीम आणि दूत, दोन्ही एकच

खलिफाने पाम्प्लोनाला जो माणूस पाठवला, त्याचे नाव हसदाई इब्न शप्रुत. धर्माने ज्यू, व्यवसायाने वैद्य आणि दरबारातला मुत्सद्दी. बायझंटाइन सम्राटाने डायोस्कोरिडीसच्या औषधी वनस्पतींवरील ग्रीक ग्रंथाची प्रत कुर्तुब्याला भेट दिली होती. त्यातल्या वनस्पतींची नावे अरबीत नक्की करण्याच्या कामात निकोलस नावाच्या ख्रिस्ती साधूबरोबर हसदाईचाही सहभाग होता. मुस्लिम राजधानी, ख्रिस्ती साधू, ज्यू हकीम आणि मधोमध एक ग्रीक पुस्तक. अंदलुसियाच्या भरभराटीचे रहस्य अशा टेबलांवर सापडते.

हसदाईने तोदाशी बोलणी केली. इलाज होईल, फौजही मिळेल, पण दोन अटी होत्या. दहा किल्ले खलिफाला द्यायचे आणि उपचारासाठी स्वतः कुर्तुब्याला यायचे. वृद्ध तोदा, तिचा मुलगा राजा गार्सिया आणि नातू सांचो हे सारे खलिफाच्या भेटीला निघाले. सिमांकासच्या लढाईत ज्या राज्यांनी खलिफाला हरवले, त्यांचेच वारसदार त्याच्या दारी मदतीसाठी आले होते. खलिफाच्या दृष्टीने हा मोठा राजकीय विजय होता. तेव्हा यात निव्वळ दयाभाव पाहण्याचे कारण नाही.

तरीही एक फरक नोंदवण्यासारखा आहे. लिओनच्या सरदारांना सांचोचे शरीर हे बंडाचे निमित्त वाटले. कुर्तुब्याच्या हकिमाला ते उपचाराचा विषय वाटले.

पुढे काय झाले? सांचो बारीक झाला, मुस्लिम फौजेच्या मदतीने त्याने आधी झामोरा घेतले आणि 960 साली लिओनची गादी परत मिळवली. 966 साली मृत्यू येईपर्यंत तो राजा होता.

बखर आणि दंतकथा

इलाज कसा झाला याविषयी आज भलभलते सांगितले जाते. सांचोचे ओठ शिवून टाकले, पेंढ्याने फक्त पातळ पदार्थ पाजले, हातपाय बांधून ठेवले, 40 दिवसांत तो सडपातळ झाला, वगैरे. ज्या जुन्या बखरीत ही हकिकत येते, ती अस्तोर्गाचा बिशप सांपिरो याची. त्यात शिवलेले ओठ नाहीत की 40 दिवसांचा हिशोब नाही. मुस्लिमांनी एक वनौषधी दिली, पोटाची चरबी उतरली आणि त्याला पूर्वीची चपळाई परत मिळाली, एवढाच मजकूर आहे.

मग हा मसाला कुठून आला? माझ्या मते, लठ्ठ माणसाविषयी समाजाच्या मनात जे असते तेच त्या गोष्टीत शिरले. एक, या माणसाला शिक्षा झाली पाहिजे. दोन, एखादी जादूची मात्रा असली पाहिजे. शिक्षा आणि जादू. आजही वजन उतरवण्याच्या बहुतेक जाहिराती याच दोन खुंट्यांवर टांगलेल्या असतात.

त्या काळच्या हकिमांनी स्वतःच्या ग्रंथांत लिहून ठेवले ते मात्र याहून फार वेगळे आहे.

सहा गोष्टींचा हिशोब

ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेतून अरबी वैद्यकात एक चौकट आली. युनानीचे विद्यार्थी आजही ती 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया' या नावाने शिकतात. माणसाच्या तब्येतीला अटळ असणारी ही सहा कारणे: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, आणि शरीराने काय बाहेर टाकावे, काय राखावे याचा समतोल. या सहांची घडी बसवणे म्हणजे 'तदबीर'. औषधाचा क्रम त्यानंतरचा.

अकराव्या शतकात बगदादच्या इब्न बुतलान या ख्रिस्ती हकिमाने याच सहा गोष्टींवर 'तकवीम अल-सिहा' हा ग्रंथ तक्त्यांच्या रूपात लिहिला. कोणता पदार्थ कोणाला मानवतो, त्याचा अपाय कसा टाळावा, हे नजर टाकताच कळावे अशी त्याची मांडणी. पुढे लॅटिनमध्ये जाऊन तो युरोपातल्या धनिकांच्या घरी पोहोचला.

त्याच शतकात इब्न सिनाने 'अल-कानून' लिहिला. तब्येत राखण्याच्या प्रकरणात तो व्यायामाला पहिले स्थान देतो, मग आहार, मग झोप. व्यायाम म्हणजे काय? श्वास खोल आणि जलद व्हावा अशी स्वेच्छेने केलेली हालचाल. प्रकार किती, तर कुस्ती, धावणे, झपझप चालणे, तिरंदाजी, घोडेस्वारी. आणि ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी झोका आणि नावेत बसणेही तो मोजतो. आजाऱ्यालाही तो यादीबाहेर ठेवत नाही.

स्थूलतेवर त्याचा सल्ला ऐकून आजचा आहारतज्ज्ञ मान डोलावेल. पोट भरेल पण पोषण थोडे असेल असे अन्न घ्यावे, जेवणाआधी स्नान आणि भरपूर व्यायाम करावा. पालेभाज्या, काकडी आणि कोशिंबिरीने ताट भरा, हा आजचा सल्ला त्याच जातीचा आहे. अति स्थूलतेचे धोकेही त्याने स्पष्ट लिहिले आहेत. श्वास कोंडतो, हालचाल अडते आणि अचानक मृत्यूची भीती वाढते. म्हणजे आजार लपवायचा नाही, पण आजाऱ्याची टिंगलही करायची नाही.

मनासाठी ठेवणीतले औषध

या सहा कारणांमध्ये मनाची जागा बरोबरीची आहे, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. सांचोच्या प्रवासाआधी काही वर्षे, 934 साली, अबू जैद अल-बल्खी हा विद्वान वारला. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचा हा माणूस. त्याच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथाचे दोन भाग आहेत, एक शरीरासाठी, एक मनासाठी. वैद्य शरीराचेच लिहितात आणि मनाला विसरतात, अशी त्याची तक्रार होती. राग, भीती, दुःख आणि पिच्छा न सोडणारे विचार यांची त्याने वेगवेगळी चर्चा केली. त्याची एक सूचना फार व्यवहारी आहे. अचानक दुखले-खुपले तर म्हणून आपण घरात औषधे ठेवतो, तसे निरोगी माणसाने काही चांगले विचार मनात साठवून ठेवावेत, म्हणजे मन ढासळेल तेव्हा ते हाताशी असतील.

आता हा मुद्दा वजनाला लावून पाहा. आठवडाभर चालून आलेला माणूस एका लग्नात दोन वाट्या शीरखुर्मा किंवा बिर्याणी जास्त खातो. घरी आल्यावर तो स्वतःला शिव्या घालतो आणि 'आता काय उपयोग' म्हणून सगळेच सोडून देतो. ठेवणीतला एक विचार त्याच्यापाशी असता, की एका जेवणाने काही बिघडले नाही, उद्या सकाळी पुन्हा निघायचे, तर तो टिकला असता.

स्वतःला किंवा दुसऱ्याला लाजवले की माणूस सुधारतो, हा समज आधुनिक संशोधनानेही मोडीत काढला आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या लोकांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. टोमण्याने वजन उतरत नाही. उलट वाढू शकते.

पायऱ्या चढणारा कंडक्टर

व्यायामाबद्दलचा हकिमांचा आग्रह विसाव्या शतकात आकड्यांनी सिद्ध झाला, तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये आपले निष्कर्ष छापले. एकाच बसवरचे दोन कामगार, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली करत शेकडो पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये बरेच कमी निघाले.

कोणी म्हणेल, कंडक्टर मुळातच सडपातळ असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे काढली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखर मोठ्या होत्या. पण जाड कंडक्टर आणि जाड ड्रायव्हर यांची तुलना केली, तरी कंडक्टरच सुरक्षित ठरला. मुंबईकरांनी 'बेस्ट'च्या डबलडेकरमध्ये असे कंडक्टर पाहिलेले आहेत. काटा हलो न हलो, पाय हलले की हृदयाला फायदा होतोच.

आपल्या मोहल्ल्यात

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या घरांत आहे. मुलगी पाहायला आलेली मंडळी तिच्यासमोरच तिच्या अंगकाठीची चर्चा करतात. बाळंतपणानंतर सुटलेल्या बाईला घरातलीच माणसे नावे ठेवतात. शाळेतल्या पोराला 'जाड्या', 'मोटू' म्हणून हाक मारतात आणि तो हसला की आपणही हसतो. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (49:11) लोकांची टर उडवण्याला आणि वाईट टोपणनावे ठेवण्याला स्पष्ट मनाई आहे. ती आयत आपल्याला पाठ असते, पण हाक मारताना आठवत नाही.

दुसरीकडे त्याच बाईला चालायला जागा आणि वेळ नसतो. सकाळी डबे, दुपारी धुणीभांडी, संध्याकाळी पाहुणे. एकटी मैदानावर फिरताना दिसली तर चार डोळे वळतात. मग उरतात त्या जाहिराती. युनानी हकिमांचे नाव लावून 'महिन्यात दहा किलो' उतरवणारे काढे आणि चूर्णे विकली जातात. पुणे, मुंबई, मालेगाव इथे युनानीची महाविद्यालये आहेत. तिथे शिकवल्या जाणाऱ्या शास्त्राची सुरुवात तदबीरपासून होते, पुडीपासून नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

बाईला वजन कमी करायचे असेल तर घरच्यांनी तिला रोज अर्धा तास मोकळा द्यावा, हा पहिला इलाज. सोबत चालायला दोन शेजारणी मिळाल्या तर उत्तम. ताटात भाजी वाढावी, चहातली साखर आणि बेकरीची नानखटाई कमी व्हावी, रात्रीचे जेवण आणि झोप वेळेवर व्हावी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदल करावेत. यात जादू काही नाही. सहाच गोष्टी आहेत आणि त्या रोजच्या आहेत.

सांचोचे पोट उतरले, चपळाई आली, गादी मिळाली. तरी त्याचे टोपणनाव उतरले नाही. हकिमाला जे जमण्यासारखे होते ते त्याने केले. नाव बदलणे हकिमाच्या हाती नव्हते, ते हाक मारणाऱ्यांच्या हाती होते.