बैलाचा खांदा आणि विश्रांतीचा हिशोब



इतिहास म्हटलं की आपण गड, लढाया आणि तहांवर तासन् तास बोलतो. पण ज्या शेतीवर हे सगळं पोसलं गेलं, तिथला बैल जखमी झाला तर शेतकरी काय करायचा? यालाही इतिहास आहे, आणि तो बराचसा पैशाचा आहे.

एकच जोडी असलेल्या शेतकऱ्याचा एक बैल लंगडला की दुसराही बसून राहतो. आपल्या भाषेत, सर्व्हर डाऊन आणि बॅकअप नाही! नेहमीचं दुखणं खांद्याचं. जू नीट बसलं नाही, एक बैल उंच नि दुसरा बुटका असला, किंवा भिजलेल्या मानेवर जू घासत राहिलं की कातडी सोलवटते, सूज येते, गाठ धरते. उपाय साधा: जू काढा, विश्रांती द्या. पण नेमका पेरणीचा वापसा आलेला असला तर?

जनावरांवर उपचार ही कल्पना आपल्याकडे जुनीच. अशोकाच्या गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख आहे. कौटिल्याने तर आजारी आणि म्हाताऱ्या गुरांवर उपचार करणं हे गुराख्याचं कामच ठरवलं. गावात हळद-तेल होतं, आणि तापल्या लोखंडाने डागणंही होतं. सगळंच शहाणपणाचं नव्हतं बरं का. पण विश्रांतीची सोय मात्र गावाने चांगली बसवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे तूप-हळदीने खांदे चोळायचे, आणि पोळ्याला जू अजिबात नाही. बैल अडला तर सावड किंवा इर्जिक. शेजारी आपले बैल आणून रान नांगरून देत, घरधनी जेवण घाली.

मुंबईत वेगळी व्यवस्था उभी राहिली. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी पांजरपोळ काढली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध संस्था निघाली. १८८० च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ झालं, आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण इस्पितळ परळला आणि लंगडा बैल माणला, अंतर तुम्हीच मोजा. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गावाची चराऊ रानं गिळल्याचं लिहीत होते. बसवून ठेवलेल्या बैलाने खायचं काय?

कायदाही आला. जखमी जनावर कामाला जुंपणं १८९० च्या कायद्याने गुन्हा ठरला, १९६० च्या कायद्याने ते कायम ठेवलं. या दुसऱ्या कायद्याचं कलम ३५ जरूर वाचा. जप्त जनावर शुश्रूषागृहात पाठवायचं, नेण्याचा, चाऱ्याचा आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा. मालक गरीब असेल तर मॅजिस्ट्रेट उपचाराचा खर्च माफ करू शकतो. चाऱ्याचा माफ करण्याची तरतूद तिथे नाही! मॅजिस्ट्रेटने दिलेल्या मुदतीत मालकाने जनावर नेलं नाही तर ते विकता येतं.

पूर्वी कामातून गेलेला बैल शेवटी बाजारात जायचा. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ती वाट बंद झाली. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण बसलेल्या बैलाचा चारा कोणाच्या खिशातून, हा प्रश्न तसाच उरतो. दयेचे कायदे झाले, इस्पितळं झाली, पण विश्रांतीच्या दिवसांची किंमत बहुधा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्यानेच मोजली. सावड-इर्जिकीने निदान ती वाटून घेतली होती.

जाता जाता: गावी कोणाची गुरं असतील तर १९६२ हा नंबर कळवून ठेवा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. आणि पैसे पाठवाल तेव्हा औषधाबरोबर कडब्याचाही हिशोब धरा.