१९७८ च्या आधीचं घर

बोस्टनजवळ सॉमरव्हिलला भाड्याचं घर घेतलं, तेव्हा एजंटने सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पुढे केला. त्यातल्या एका फॉर्मवर अडकलो. घर १९७८ पूर्वीचं आहे, शिशाचा रंग असू शकतो, वाचून सही करा. म्हटलं, रंगासाठी सही? आपल्याकडे दिवाळी आली की दोन पेंटर पॉलिश पेपर घेऊन येतात आणि घरभर धुरळा करून जातात! कुतूहल म्हणून वाचायला बसलो आणि शनिवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेनच्या मुलांना शिशाची विषबाधा होत होती, पण शिसं येतंय कुठून ते कळेना. १९०४ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट दाखवलं ते घराच्या कठड्यांकडे. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला लागते आणि हात तोंडात जातात. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये त्यावर कायदाही केला.

अमेरिकेत मात्र त्या काळात 'डच बॉय' नावाच्या गोड पोराचं चित्र लावून शिशाचा सफेदा विकला जात होता! घरगुती रंगात शिशावर बंदी यायला १९७८ उजाडलं. पुढच्याच वर्षी हर्बर्ट नीडलमन यांचा अभ्यास आला. त्यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. मुलं दिसायला ठणठणीत, पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्ध्यांकात मागे. गावं कुठली? चेल्सी आणि आमचं सॉमरव्हिल!

आता गंमत बघा. बंदी आली ती नव्या रंगावर. जुना भिंतींवर तसाच राहिला, आपल्या लीगसी कोडसारखा. हात लावला नाही तर बरा, खरवडलात की धूळ. म्हणून पर्यावरण खात्याने २००८ मध्ये नियम केला, तो एप्रिल २०१० पासून लागू झाला. अशा जुन्या घरात पैसे घेऊन दुरुस्ती करणाऱ्याला सर्टिफिकेट हवं, त्यासाठी आठ तासांचं प्रशिक्षण. प्लॅस्टिक अंथरायचं, रंग ज्योतीने जाळायचा नाही, शेवटी ओल्या फडक्याने पुसून ते फडकं एका कार्डाशी ताडून बघायचं.

आपल्याकडे नियम आला २०१६ मध्ये. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं. पण तोही डब्यातल्या रंगापुरता. भिंतीवरच्या जुन्या थरांचं काय?

आमचं घर १९६२ चं. दादाची मुलगी आता रांगायला लागलीये. आईला फोन करून सांगितलं, यंदा दारं-खिडक्या कोरड्या घासू देऊ नकोस, पाणी मारून घासायला सांग, पेंटरला मास्क दे आणि तोवर पिल्लूला मामाकडे पाठव.

"अरे, इतकी वर्षं घासतोय, कुणाला काय झालं?" आई म्हणाली.

मला ते दात आठवले. ती मुलंही ठणठणीतच दिसत होती.