न जेवलेल्या जेवणाची कार्डं

माणसानं काहीतरी जमवावं म्हणतात. आमच्या बँकेतले लोक मुदत ठेवी जमवतात. मी रेल्वेची जुनी मेन्यूकार्डं, सहलींची माहितीपत्रकं नि पुस्तिका जमवतो. त्यांच्या ठेवीला व्याज लागतं, माझ्या ठेवीला वाळवी लागते, एवढाच काय तो फरक. "लोक गाडीत जेवतात, तुम्ही कार्डं चघळत बसता," असं आमच्या सौ.चं मत आहे. दिवाळीच्या आधी रद्दीवाल्याची हाक ऐकू आली की माझ्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी मी न्यूयॉर्कच्या मिस फ्रँक बटॉल्फ यांचं स्मरण करतो. नाव पुरुषी, पण बाईच. १९०० च्या सुमारास त्यांनी हॉटेलं, आगबोटी, रेल्वे कंपन्या यांच्याकडून मेन्यूकार्डं मागवून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यायला सुरुवात केली. १९२४ साली त्या वारल्या तेव्हा कार्डांचा आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला होता. गंमत म्हणजे बाईंना त्यावरच्या पदार्थांचं काडीचं कौतुक नव्हतं. आपला काळ काय खात होता हे पुढच्यांना कळावं, एवढाच ध्यास!

आणि कळतंही. अमेरिकेत पूर्वी गाडी स्टेशनात थांबायची, उतारू धावत सुटायचे, मिळेल ते गिळायचे आणि शिट्टी झाली की परत धावायचे. १८६८ साली जॉर्ज पुलमननं 'डेल्मोनिको' नावाचा खास जेवणाचा डबा रुळावर आणला. नाव न्यूयॉर्कच्या नामांकित रेस्टॉरंटचं. पुढे कंपन्यांत चढाओढ लागली. जेवणाचा डबा बहुधा तोट्यातच चाले, पण उतारू आपल्या गाडीकडे वळला की झालं. बी. कॉम.ला आम्ही याला जाहिरातखर्च म्हणत असू.

नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या हेझन टायटसनं तर कमाल केली. याकिमा खोऱ्यातले शेतकरी अवाढव्य बटाटे गिऱ्हाइक नाही म्हणून डुकरांना घालत. १९०९ च्या सुमारास यानं तेच विकत घेतले, भाजून लोण्याबरोबर वाढले आणि भल्यामोठ्या भाजलेल्या बटाट्याची चित्रं पोस्टकार्डांवर छापली. कंपनी बटाट्यामुळे प्रसिद्ध झाली!

माझ्या संग्रहातलं पहिलं कार्ड मात्र वारसाहक्कानं आलेलं, आणि खरं सांगायचं तर चोरीचं आहे. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधून ते आणलं आमच्या आजोबांनी. कचेरीतली टाचणी चुकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस! डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी, पण तिला तिसरा वर्ग लागला जून १९५५ मध्ये. त्याआधी आजोबा तिच्यात चढणं शक्य नव्हतं. कार्डावरचे दर आण्यांत, आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ पासून. म्हणजे गुन्हा त्या बावीस महिन्यांतला. (हा हिशेब मी बँकेच्या वेळेत केला, हे आमच्या साहेबांना सांगू नका.)

त्या जेवणाचं वर्णन आजोबा जन्मभर करत. आधी सूप, मग कटलेट, टोस्ट, शेवटी पुडिंग. आम्ही नातवंडं आवंढे गिळत ऐकायचो. ते गेल्यावर ट्रंकेत कार्ड सापडलं. पाठीमागे पेन्सिलीनं हिशेब: तिकीट, टांगा, धाकट्याची पाटी, चहा एक कप. बस्स. कार्ड उलटलं. सूप, कटलेट, टोस्ट, पुडिंग, सगळं ओळीनं छापलेलं. आजोबा सांगायचे त्याच क्रमानं.

परवा रद्दी निघाली तेव्हा हे कार्ड मी सौ.पुढे ठेवलं. तिनं पाठीमागचा हिशेब दोनदा वाचला, कार्ड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आपण जाऊ या हो एकदा."

डेक्कन क्वीनला २०२२ साली नवे डबे लागले, पण डायनिंग कार राहिली आहे. आम्ही गेलो. सौ.नं कटलेट मागवलं, टोस्ट मागवला, चहा मागवला, आणि तिघांचं दोघांनी खाल्लं. बिल देऊन मी उठलो. सौ. मागे रेंगाळत होती. वळून पाहतो तो काय, इकडेतिकडे बघत ती टेबलावरचं मेन्यूकार्ड पर्समध्ये सारत होती.